आठवड्यात आठ दिवस का नसतात?

फळ्याच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर. वर मधोमध सुविचार. कितीतरी मराठी प्राथमिक वर्गांची सकाळ अशी सुरू होते. मुलं सुरात म्हणतात, "आज वार बुधवार, दिनांक आठ जुलै दोन हजार सव्वीस." सूर इतका पक्का असतो की सगळं कळलंच आहे असं वाटतं. मग त्याच वर्गाला विचारून बघा, "सांगा बरं, परवा कोणता वार?" थोडी मुलं सोमवार म्हणतात, थोडी शुक्रवार, बाकीची बाईंच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतात. गंमत म्हणजे सोमवारही बरोबर आणि शुक्रवारही. मराठीतला परवा मागेही जातो आणि पुढेही.

रोज तारीख म्हणून घेतली की मुलांना तारीख म्हणता येते, कॅलेंडर मात्र येत नाही. भिंतीवरचा तो चौकोनी तक्ता म्हणजे मोठ्या माणसांनी जागा वाचवायला घातलेली घडी आहे. दिवस येतात एकामागून एक, एका ओळीत. आपण ती लांबच लांब ओळ दर सात दिवसांनी मोडतो आणि तुकडे एकाशेजारी एक रचतो. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर आपण थेट ही घडीच टांगतो, आणि शनिवारला लागून येणारा रविवार एकदम दुसऱ्या टोकाला कसा पोचला, हे त्याला उमगत नाही. म्हणून आधी ओळ, मग घडी; आणि घडी मुलांनी स्वतः कात्रीने घालायची. अंगणवाडीच्या मोठ्या गटापासून दुसरीपर्यंतच्या मुलांसाठी पुढचे उपक्रम याच क्रमाने दिले आहेत. एखादा गाळला तरी चालेल, क्रम उलटा करू नये.

काल, आज, उद्या: सरकती चौकट

जाड पुठ्ठ्याची एक पट्टी घ्या, ८ सेंमी रुंद. तिच्यावर ८ सेंमीचे चौकोन आखा आणि प्रत्येकात एक वार लिहा. चौकोन सात नाहीत, नऊ लागतात: शनि, रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि, रवि. इथेच पहिली चूक होते. सातच चौकोन केले तर रविवारी 'काल'ची खिडकी पट्टीबाहेर लोंबते आणि शनिवारी 'उद्या'ची. मुलं लगेच विचारतात, "बाई, उद्या संपला?"

दुसऱ्या पुठ्ठ्याची चौकट करा. ओळीने तीन खिडक्या, प्रत्येक खिडकी ७ सेंमीची, खिडक्यांच्या मध्ये १ सेंमीची काठी. खिडक्यांवर डावीकडून काल, आज, उद्या. ही चौकट पट्टीवरून सरकवायची. रोज एक मूल ती एक घर उजवीकडे नेतं आणि मोठ्याने बोलतं. बोलताना वाक्य पूर्ण हवं: "काल मंगळवार होता, आज बुधवार आहे, उद्या गुरुवार असेल." नुसतं "काल मंगळवार, उद्या गुरुवार" चालवून घेऊ नका. होता आणि असेल यांतच खरी शिकवण आहे, आणि पुढे परवासाठी तेच कामाला येतं.

तीन खिडक्या सवयीच्या झाल्या, साधारण दोन-तीन आठवड्यांत, की पाच खिडक्यांची चौकट काढा: परवा, काल, आज, उद्या, परवा. तिला पट्टी अकरा घरांची लागते, शुक्रवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत. दोन टोकांना एकच शब्द बघून मुलं हसतात. हसू द्या. मग दोन वाक्यं द्यायची, "परवा आम्ही बाजारात गेलो" आणि "परवा आम्ही बाजारात जाऊ", आणि मुलाने बरोबर खिडकीवर बोट ठेवायचं. क्रियापदाकडे कान दिल्याशिवाय हे जमत नाही. तेरवा मात्र सध्या राहू द्या.

अजून वाचता न येणाऱ्या मुलांसाठी वारांवर चित्रं लावावी लागतात. तयार तक्त्यांवर बऱ्याचदा देवांची चित्रं असतात, सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती. ती सगळ्या घरांना लागू पडत नाहीत, शिवाय मुलाच्या दिवसात त्यामुळे काही बदलतंच असं नाही. त्यापेक्षा गावाचा आठवडी बाजार ज्या वारी असेल तिथे टोपली काढा. शनिवारी सकाळची शाळा असेल तर उगवता सूर्य. रविवारी कुलूप. दुपारच्या जेवणात एखाद्या ठरलेल्या वारी वेगळा पदार्थ असेल तर त्याचं चित्र. कोणत्या वारी काय शिजतं हे पहिलीतल्या मुलांना मुख्याध्यापकांपेक्षा चांगलं माहीत असतं.

आठवडा: घरं मोजायची की उड्या?

सात दिवसांना मराठी आठवडा म्हणते. त्यात आठ आहे, आणि मुलांना ते ऐकू येतं. घरातही "आठ दिवसांनी या" म्हटलं की पुढच्या त्याच वारी यायचं असतं. "पंधरा दिवसांनी" म्हणजे चौदा दिवसांनी. मुलाने बोटांवर इमानदारीने मोजलं की उत्तर चुकतं, आणि आपण त्याला वेडा ठरवतो. खरं तर शहाणं तेच असतं.

वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा अंगणात, खडूने किंवा गेरूने मोठं वर्तुळ काढा. व्यास साधारण ३ मीटर, म्हणजे सात मुलं सुटसुटीत उभी राहतात. वर्तुळाच्या कडेला सात घरं आणि त्यांत वार. घड्याळाचे काटे फिरतात त्याच दिशेने क्रम लावा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असं केलं तर मुलं आठवडाभर भांडतात. प्रत्येक घरात एक मूल त्या वाराचं कार्ड घेऊन उभं. आठवं मूल वर्तुळात चालतं.

आता ते बुधवारच्या घरात उभं आहे. "आठ दिवसांनी कोणता वार?" मुलाने ज्या घरात उभं आहे तिथेच "एक" म्हणायचं. मग गुरुवार दोन, शुक्रवार तीन, करत करत आठ म्हणताना ते परत बुधवारी येतं. पुन्हा करा, या वेळी पहिली उडी मारल्यावर "एक" म्हणायचं. सात उड्यांनीच बुधवार येतो, आठव्या उडीला गुरुवार होतो. म्हणजे घरं मोजली तर आठ, उड्या मोजल्या तर सात. आपली भाषा घरं मोजते, ज्यात आजचा दिवसही धरला जातो. गणिताचं पुस्तक उड्या मोजतं. दोन्ही पद्धती मुलांच्या पायांना कळू द्या, मग चुकल्यावर त्यांना नुसतं विचारता येतं, "घरं मोजलीस की उड्या?" सापशिडीत पहिलं घर मोजायचं की नाही यावरून होणारी भांडणंही याच प्रश्नाने मिटतात.

बारसंही असंच मोजतात. बाळ सोमवारी जन्मलं तर सोमवारच पहिला दिवस, आणि बारावा दिवस शुक्रवारी. हे वर्तुळावर करून घ्या. वर्गातल्या कुणाच्या तरी घरी नवं बाळ असतंच.

या खेळात एकच अडचण येते: आठ मुलं खेळतात आणि बाकीची बावीस कंटाळतात. प्रत्येक घराच्या मागे दोन-तीन मुलं रांगेत उभी करा. आपल्या वारावर चालणारं मूल आलं की रांगेतल्या सगळ्यांनी टाळी वाजवायची आणि पुढच्याने कार्ड मागच्याकडे द्यायचं. दहा मिनिटांपेक्षा जास्त खेळवू नये.

दिवसांची माळ

ही रोजची आहे, वर्षभराची. शाळेच्या पहिल्या दिवशी सुरू करायची आणि रोज एक मणी ओवायचा. मणी २ सेंमीचे असले तर ३१ दिवसांचा महिना ६२ सेंमीचा होतो, पूर्ण वर्ष ७ मीटर ३० सेंमी. लाकडी मणी महाग वाटले तर बाटल्यांची बुचं चालतात. त्यांना तापवलेल्या खिळ्याने भोक पाडायचं काम मोठ्यांनी, मुलं नसताना करून ठेवावं. दोरी नायलॉनची, २ मिलिमीटर जाडीची. तिचं टोक मेणबत्तीवर धरून घट्ट करून घेतलं नाही तर दोनच दिवसांत पिसारतं आणि मणी जात नाही. दुसऱ्या टोकाला पहिला मणी गाठीत बांधून टाका.

सात वारांना सात रंग. रविवार लाल ठेवा, कारण छापील कॅलेंडरांतही बहुधा तोच लाल असतो. महिना संपला की मण्यांपेक्षा मोठी पुठ्ठ्याची चकती ओवायची आणि तिच्यावर संपलेल्या महिन्याचं नाव लिहायचं. चकती आली म्हणून रंगांचा क्रम तुटत नाही, हे मुलांना दिसलं पाहिजे. महिना मध्येच संपतो, आठवडा मात्र चालूच राहतो. ३० जूनला मंगळवार, चकती, लगेच १ जुलैचा बुधवार. कितीतरी मोठ्या मुलांनाही वाटतं की प्रत्येक महिना सोमवारी नाहीतर रविवारी सुरू होतो.

काही ठिकाणी रोज एक चिंचोका बरणीत टाकतात. मोजायला ते छान आहे, पण बरणीत दिवस मिसळतात. कालचा चिंचोका कोणता ते सांगता येत नाही. माळेत येतं. कॅलेंडरसाठी माळच बरी, चिंचोके दशक-एककासाठी ठेवा.

सोमवारी सकाळी दोन मणी लागतात, हे बऱ्याचदा विसरतं. शाळा नव्हती म्हणून रविवार झालाच नाही, असं मुलांना खरंच वाटतं. दोन मणी का, हे मुलांकडूनच काढून घ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर एक अख्खा तास राखून ठेवावा. सुट्टीतल्या दिवसांचे मणी बाईंनी एकटीने आधीच ओवून ठेवले तर वर्षातली सगळ्यात मोठी संधी गेली. शेवटचा मणी कोणत्या रंगाचा, आज कोणता वार, मध्ये किती लाल गेले, असं विचारत प्रत्येक मुलाने एकेक मणी ओवायचा. आजच्या वारावर रंग जुळला तर मोजणी बरोबर. नाही जुळला तर चूक कुठे ते मुलं शोधून काढतात, सांगावं लागत नाही.

पट्टीचं कॅलेंडर

आता घडी. ही सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, पहिलीच्या दुसऱ्या सहामाहीत किंवा दुसरीत. चार-चार मुलांचा गट करा. प्रत्येक गटाला ५ सेंमी रुंद, १५५ सेंमी लांब पट्टी हवी. एवढा सलग कागद मिळत नाही, तुकडे जोडावे लागतात. जोड नेहमी चौकोनाच्या रेषेवर यावा, मधोमध आला तर अंकावर सुरकुती पडते. कागदासाठी जुनी कॅलेंडरं चालतात, पण पाठकोरी. ज्यांच्या मागच्या बाजूला पाककृती, लेख छापलेले असतात ती नकोत; दुकानदार किंवा पतसंस्था वाटतात त्यांतली पाठकोरी शोधा. चिकटवायला फेव्हिकॉल घ्या. कणकेची खळ स्वस्त पडते, पण तिला कसर लागते आणि झुरळं येतात.

पट्टीवर ३१ चौकोन, ५ सेंमीचे. जुलै २०२६ घेऊ. मुलं १ ते ३१ लिहितात. मग १ जुलैला बुधवार होता हे माळेवरून बघतात आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात त्या वाराच्या रंगाचा ठिपका देतात. हा ठिपका टाळू नका, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता कात्री. प्रत्येक शनिवारनंतर कापायचं, म्हणजे ४, ११, १८ आणि २५ नंतर. पाच तुकडे पडतात: चार चौकोनांचा, सातांचे तीन, आणि शेवटचा सहांचा. एका मोठ्या कागदावर वर रवि ते शनि लिहून ठेवलेलं असतं. त्याखाली तुकडे रचायचे.

पहिला तुकडा जवळपास प्रत्येक गट डावीकडे टेकवून लावतो. १ तारीख रविवारखाली जाते. रागावू नका, ठिपक्याकडे बोट दाखवा. रंग जुळेपर्यंत तुकडा सरकवला की तो उजवीकडे जातो आणि डावीकडे तीन घरं रिकामी उरतात. "ही रिकामी का?" या प्रश्नावर थांबा. जूनची पट्टी केलेली असेल तर तिचा शेवटचा तुकडा, २८, २९, ३०, त्या तीन घरांत अगदी बरोबर बसतो. मुलांनी तो हाताने बसवून बघितला की दोन महिन्यांमधली भिंत पडते. फेब्रुवारी २०२६ पण करून बघा. तो रविवारी सुरू होऊन शनिवारी संपला, २८ दिवस, चार सरळ तुकडे, एकही घर रिकामं नाही. मुलांना तो फार आवडतो आणि मग सगळे महिने असे का नाहीत, असं ती विचारतात.

यानंतरची अडचण खास आपली आहे. मोबाईलमध्ये वार वर आडवे असतात. घराघरांतल्या अनेक मराठी भिंतीवरच्या कॅलेंडरांत वार डाव्या कडेला उभे असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. वर्गात एक शिकवायचं आणि घरी दुसरं टांगलेलं, म्हणून मूल घरी १ नंतर ८ वाचतं. दुसऱ्या दिवशी तशीच नवी पट्टी घेऊन उभी धरा. अंक उभ्या पट्टीवर पुन्हा लिहून घ्या, शनिवारनंतर कापा आणि तुकडे आता डावीकडून उजवीकडे शेजारी शेजारी लावा. पुस्तक वाचतो तसं आडवं वाचायचं नाही, वरून खाली उतरायचं आणि मग शेजारच्या खांबाच्या डोक्यावर जायचं.

उभ्या कॅलेंडरात आणखी एक खोड असते. ऑगस्ट २०२६ शनिवारी सुरू होतो. पट्टी कापली की सहा तुकडे पडतात, पहिला एका चौकोनाचा, शेवटचा ३० आणि ३१ असा दोनांचा. छापणाऱ्यांकडे बऱ्याचदा पाचच खांबांची जागा असते, म्हणून ते ३० आणि ३१ उचलून पहिल्या खांबात वर, रवि-सोमच्या रिकाम्या घरांत बसवतात. मूल वाचतं, तीस, एकतीस, एक, दोन. मुलांनी स्वतःचा सहावा तुकडा उचलून पहिल्या खांबावर ठेवून बघितला की त्यांना कळतं की हे छापणाऱ्याचं जुगाड आहे, महिना असा सुरू होत नाही.

तारखेचे दोन ठोकळे

टेबलावर ठेवायचे, रोज तारीख दाखवणारे दोन घन. बाजारात आणि इंटरनेटवर जे मिळतात त्यांत दोन्ही घनांवर ०, १, २ असतात आणि इंग्रजी 6 उलटा करून 9 म्हणून वापरतात. देवनागरीत ही युक्ती चालत नाही. ६ उलटा केला की ९ होत नाही. अनेक जण हौसेने मराठी अंकांचे ठोकळे करतात आणि ९ तारखेला अडकतात.

तोड सोपी आहे. एक ते नऊ तारखांना पुढे शून्य लावायचं नाही, एकच ठोकळा ठेवायचा. मग पहिल्या घनावर १, २, ३, ४, ५, ६ आणि दुसऱ्यावर ०, १, २, ७, ८, ९ एवढ्यात १ ते ३१ सगळ्या तारखा होतात. ११ आणि २२ साठी १ आणि २ दोन्हीकडे आहेत, ३० साठी ३ एकावर आणि ० दुसऱ्यावर आहे. '०५' बघून गोंधळणाऱ्या पहिलीच्या मुलासाठी हे एरवीही बरं. जाड पुठ्ठ्यावर सहा-सहा सेंमीच्या सहा चौकोनांची अधिकाची आकृती काढून घडी घाला, आत कागदाचे बोळे भरा, नाहीतर घन आठवड्यात चेपतो. प्रत्येक अंकाखाली एक रेघ मारा, म्हणजे ठोकळा उलटा ठेवला तर दिसतो.

एकवीसला १२ मांडणारी मुलं असतातच. आपण बोलतो एक-वीस आणि लिहितो वीसचा अंक आधी, म्हणून कानाला ऐकू आलेल्या क्रमाने ती ठोकळे मांडतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात 'वीस एक' हे वाचन आणलं तेव्हा बराच वाद झाला होता. पण ठोकळे मांडताना आधी "वीस, एक" म्हणून मग "एकवीस" म्हटलं तर चुका कमी होतात, हे मान्य करायला हरकत नाही. एकोणतीस हा सगळ्यात अवघड. त्यासाठी माळेवर तीसचा मणी दाखवून एक मागे या, एक उणा तीस.

कोणत्या महिन्याला किती दिवस, ते मुठीवर. उंचवट्यावर ३१, खळग्यात कमी. मूठ संपते जुलैच्या उंचवट्यावर, आणि ऑगस्ट पुन्हा पहिल्या उंचवट्यापासून सुरू होतो. खळगा न ओलांडता उंचवट्यावरून उंचवट्यावर जायचं, म्हणून दोन्ही ३१. अंगठ्याचं हाड मोजणारे हमखास चुकतात.

चंद्राची वही

मराठी महिने पाठ करून घ्यायची घाई नको. महिना म्हणजे चंद्राची एक फेरी, हे आधी डोळ्यांना दिसावं. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला नवा लागतो. वहीच्या पानावर बांगडी ठेवून रोज एक गोल काढायचा आणि चंद्र जेवढा दिसला तेवढा सोडून बाकीचा काळा करायचा.

बहुतेक ठिकाणी हा उपक्रम वेळ चुकल्यामुळे फसतो. श्रावणात सुरू केला तर ढग. पौर्णिमेला सुरू केला तर वद्य पक्षात चंद्र रोज उशिरा उगवतो आणि मुलं झोपलेली असतात. आठवडाभर काळे गोल. दिवाळीत सुरू करावा. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, भाऊबीज द्वितीयेची. त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर लगेच पश्चिमेला खाली बारीक कोर बघायची. तिथून त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत चंद्र मुलांच्या जागं असण्याच्या वेळेतच असतो. पुढच्या पंधरवड्यात मात्र सकाळी शाळेत येताना पश्चिमेच्या आकाशात बघायला सांगा. दिवसा चंद्र असतो यावर निम्म्या वर्गाचा विश्वास नसतो. आपल्याकडे कोर बऱ्याचदा होडीसारखी आडवी दिसते. मुलाने तशी काढली तर पुस्तकातल्या उभ्या कोरीसाठी ती खोडू नका.

वर्षाची भिंत

दुसरीत सगळे महिने एकत्र. चौकोन अडीच सेंमीचे केले तर ३६५ दिवसांची पट्टी ९ मीटर साडेबारा सेंमी होते, व्हरांड्यात मावते. सुरुवात जूनपासून करा. मुलांचं वर्ष तिथेच सुरू होतं, आणि जानेवारीपासून केली तर पहिले पाच महिने त्यांनी वर्गात बघितलेलेच नसतात. पावसाळ्यात भिंती ओल्या असतात, चिकटपट्टी रात्रीत सुटते. सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी पट्टी लावावी. वरच्या कडेला ऋतूंचे तीन रंग. ऑक्टोबर हिवाळ्यात का, त्यात तर घाम येतो, असं एखादं मूल म्हणेल. ते बरोबर आहे, तिथे दोन रंग मिसळू द्या.

मग झेंडे, दोन प्रकारचे. न हलणारे: वाढदिवस, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी. संक्रांतही जवळपास याच गटातली. आणि हलणारे: गणपती, दिवाळी, ईद. गेल्या वर्षीचं कॅलेंडर शेजारी धरून बघायचं. गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला, अठरा घरं पुढे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत होतात, म्हणून सण अकरा-अकरा दिवस अलीकडे सरकत राहतात आणि मग अधिक महिना त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. ईदला अधिक महिना नाही, म्हणून ती दरवर्षी दहा-अकरा घरं अलीकडेच येत जाते. दुसरीच्या मुलांना कारण सांगायची गरज नाही, घरं मोजू द्या.

वाढदिवसाच्या झेंड्यांत एकदा तपासून घ्या. वर्गात २९ फेब्रुवारी २०२० ला जन्मलेलं एखादं मूल असू शकतं, आणि २०२७ च्या पट्टीत त्याचं घरच नाही. त्याचा झेंडा त्यालाच विचारून २८ ला किंवा १ मार्चला लावा, पण लावा.

शेवटचा खेळ फळ्यावर. १५ ऑगस्टचा वार लिहा: २०२५ शुक्रवार, २०२६ शनिवार, २०२७ रविवार. २०२८ विचारा. सगळे सोमवार म्हणतात. मंगळवार लिहून खडू खाली ठेवा आणि हरवलेला एक दिवस भिंतीवरच्या पट्टीत कुठे लपलाय ते त्यांना शोधू द्या. कोणीतरी त्या झेंड्यापाशी जाऊन थांबतंच.